धर्माच्या नावाने मागितलेले मत नेमके कोठे बेकायदेशीर ठरते?

सीनाकाठ यांचा प्रश्न:

मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. ‘धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे हे भ्रष्ट आचरण आहे’ एवढे वाक्य फळ्यावर लिहून मी दरवर्षी पुढच्या मुद्द्याकडे वळत असे. यंदा विद्यार्थ्यांनी वळू दिले नाही. त्यांचे म्हणणे असे की, आपल्याकडे प्रचाराचा नारळ ग्रामदैवताच्या दारातच फुटतो, उमेदवार अर्ज भरायला निघण्यापूर्वी देवदर्शन घेऊन त्याची छायाचित्रे प्रसिद्ध करतो, सभा देवाच्या जयघोषाने सुरू होते आणि त्यानेच संपते, आणि यांपैकी काहीही कोणाला खटकत नाही. तर मग कायदा मनाई करतो ती कशाला?

मी उत्तर शोधू लागलो तेव्हा गोंधळ वाढलाच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाच्या प्रचारगीतातील ‘हिंदू’ आणि ‘जय भवानी’ हे शब्द वगळावेत असे निवडणूक आयोगाने सांगितले होते, आणि पक्षाने ते जाहीरपणे नाकारले. दुसरीकडे, ‘हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे’ असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटल्याचा दाखला प्रत्येक निवडणुकीत दिला जातो. हे दोन्ही एकाच कायद्याखाली कसे बसते?

आणखी एक उपप्रश्न आहे. आमच्या भागात ग्रामपंचायतीच्या आणि सोसायटीच्या निवडणुकीत पैसे वाटल्यावर मतदाराला बेलभंडारा उचलायला, म्हणजे देवाची शपथ घ्यायला, लावतात. तेथे धर्माच्या नावाने मत मागितलेले नसते, पण मत मिळते ते देवाच्या धाकानेच. याला कायद्यात काही नाव आहे काय?

सनदधारक यांचे उत्तर:

आपल्या विद्यार्थ्यांनी अडवले ते योग्यच झाले, कारण त्या एका वाक्यात कलमाच्या अर्ध्याअधिक अटी गळून पडतात. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार आवाहन उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने, किंवा उमेदवाराच्या अथवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या संमतीने अन्य कोणी केलेले असावे लागते. एखाद्या महाराजांनी किंवा मौलवींनी स्वतःहून केलेले आवाहन, संमती सिद्ध झाल्याशिवाय, उमेदवाराला चिकटत नाही. शिवाय कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ‘उमेदवार’ अस्तित्वात येतो तो नामनिर्देशनापासून, त्यामुळे त्याआधीच्या यात्रा, महाआरत्या आणि मेळावे या कलमाच्या बाहेर राहतात. आणि हे सर्व सिद्ध करायचे ते निवडणूक याचिकेत, निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात जाऊन, फौजदारी खटल्यात लागतो तितक्या काटेकोर पुराव्याने. १९६१ पूर्वी तर असे आवाहन ‘पद्धतशीर’ असावे लागे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो शब्द काढला आणि एकच भाषणही पुरेसे ठरू लागले.

आता ‘जीवनपद्धती’बद्दल. ११ डिसेंबर १९९५ रोजी न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मुंबईतील निवडणुकांवरच्या अनेक याचिका निकालात काढल्या. त्यांतली मुख्य होती विलेपार्ल्याच्या डिसेंबर १९८७ मधील पोटनिवडणुकीची. डॉ. रमेश प्रभू विजयी झाले होते आणि पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे यांनी याचिका केली होती. आधार होता बाळासाहेब ठाकरे यांच्या तीन प्रचारसभांतील भाषणांचा. ‘हिंदुत्व’ हा शब्द उच्चारला एवढ्यावरून भाषण आपोआप धार्मिक आवाहन ठरत नाही, तो कोणत्या संदर्भात आणि कशासाठी वापरला ते पाहावे लागते, असे न्यायालयाने म्हटले. लोक येथेच वाचणे थांबवतात. त्याच निकालपत्रात पुढे त्या भाषणांचा मजकूर तपासून, ती हिंदू धर्माच्या नावाने मत मागणारीच होती असा निष्कर्ष काढलेला आहे, आणि उच्च न्यायालयाने एप्रिल १९८९ मध्ये रद्द केलेली प्रभूंची निवड सर्वोच्च न्यायालयानेही रद्दच ठरवली. ज्या निकालाचा दाखला ढाल म्हणून पुढे केला जातो, त्या निकालात उमेदवार हरला होता, ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी.

त्याच दिवशी मनोहर जोशी यांच्या १९९० मधील दादरच्या निवडणुकीचा निकाल मात्र उलट लागला. पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल, हे विधान कितीही निंद्य असले तरी ते फार तर एक आशा व्यक्त करणे आहे, मताचे आवाहन नव्हे, असे न्यायालय म्हणाले आणि त्यांची निवड कायम राहिली. मला हा फरक आजही पटलेला नाही. निवडणुकीच्या सभेत व्यक्त केलेली आशा ही मतासाठी नसते तर कशासाठी असते?

हा कायदा एकाच बाजूला लागतो असा समज होऊ नये म्हणून तिसरे उदाहरण देतो. १९७२ मध्ये मुंबईच्या कुंभारवाडा मतदारसंघातून झियाउद्दीन बुखारी निवडून आले. आपला मुस्लिम प्रतिस्पर्धी खरा मुसलमान नाही, असा प्रचार त्यांनी सभांतून केला होता. ध्वनिमुद्रित भाषणे पुरावा म्हणून स्वीकारली गेली आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड रद्द होण्यावर शिक्कामोर्तब केले. दोन्ही उमेदवार एकाच धर्माचे असले तरी ‘कोण अधिक धार्मिक’ ही स्पर्धा लावणे हेही कलमात बसते, हे त्यातून स्पष्ट झाले.

प्रचारगीताबाबत आयोगाने सांगितले ते आदर्श आचारसंहितेखाली. तो वेगळा मार्ग आहे. आयोग प्रचार चालू असतानाच हस्तक्षेप करतो. एप्रिल २०१९ मध्ये योगी आदित्यनाथ यांना ७२ तास आणि मायावती यांना ४८ तास प्रचारबंदी केली होती. परंतु निवड रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही, तो न्यायालयाचा आहे.

जुना पार्लेकर यांचे उत्तर:

वरील उत्तराला केवळ कालक्रमाची जोड देतो. पार्ल्याची निवड न्यायालयात वादात असतानाच १९८९ मध्ये शिवसेना आणि भाजप यांची युती झाली. १९९० मध्ये विधानसभेत शिवसेनेचे ५२ आणि भाजपचे ४२ आमदार निवडून आले, आणि मार्च १९९५ मध्ये मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर नऊ महिन्यांनी आला. ज्या विधानसभेतील जागेबद्दल वाद होता ती विधानसभा केव्हाच इतिहासजमा झाली होती. त्या भाषणांबद्दल बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्याचा आदेश जुलै १९९९ मध्ये निघाला, आणि ती सहा वर्षे मोजली गेली ती डिसेंबर १९९५ पासून, म्हणजे आदेश हाती पडला तेव्हा निम्म्याहून अधिक शिक्षा कागदावर भोगून झाली होती. पार्ल्याच्या पोटनिवडणुकीने एका पक्षाला रस्ता सापडला. कायद्याला तो रस्ता चुकीचा होता हे सांगायला आठ वर्षे लागली.

उलटतपासणी यांचे उत्तर:

सनदधारक यांनी २०१७ चा निकाल का वगळला हे समजले नाही, कारण खरा वाद आज तेथे आहे. सांताक्रूझमधून १९९० मध्ये निवडून आलेले अभिराम सिंह यांच्या प्रकरणात २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवले की, केवळ उमेदवाराच्या धर्माच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावाने मत मागणेही भ्रष्ट आचरण आहे. ‘हिंदुत्व’ म्हणजे काय, या प्रश्नात मात्र पीठाने हात घातला नाही. सरन्यायाधीश ठाकूर, न्या. लोकूर, न्या. बोबडे आणि न्या. नागेश्वर राव एका बाजूला होते, न्या. चंद्रचूड यांनी लिहिलेल्या भिन्नमतात न्या. गोयल आणि न्या. लळीत सहभागी होते.

माझा कौल भिन्नमताच्या बाजूला आहे, आणि त्याचे कारण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. धर्म बदलला म्हणून अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती नवबौद्धांना नाकारल्या गेल्या, आणि त्या कायद्याने मिळाल्या १९९० मध्ये. मधल्या चौतीस वर्षांत एखाद्या उमेदवाराने सभेत म्हटले असेल की, ‘तुम्ही बौद्ध झालात म्हणून तुमचा हक्क गेला, तो परत मिळवण्यासाठी मला निवडून द्या’, तर ते मतदाराच्या धर्माच्या आधारे केलेले आवाहन नाही काय? बहुमताचा निकाल अक्षरशः लावला तर तो उमेदवार दोषी ठरेल. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांचा तोच प्रश्न आजही लोंबकळतो आहे. माणसावर अन्याय त्याच्या धर्मामुळे झाला असेल, तर त्याने दाद मागताना धर्माचा उल्लेख टाळायचा कसा? बहुसंख्याकांच्या श्रद्धेला उत्सव, परंपरा, संस्कृती असे शब्द सहज मिळतात आणि त्यामुळे ती कलमाच्या बाहेर राहते. अल्पसंख्याकांकडे असा पर्यायी शब्दसंग्रह नसतो.

मांडवीपार यांचे उत्तर:

आपली सर्व चर्चा नेत्याने मतदाराला काय सांगितले यावर चालली आहे. गोव्यात आम्ही उलट प्रकार पाहिला. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीआधी, जानेवारीत, काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन, निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा पुरेसा पडत नाही, याची ती तिन्ही देवस्थानांच्या साक्षीने दिलेली कबुली होती. पक्षाचे अकरा आमदार निवडून आले आणि सप्टेंबरमध्ये त्यांपैकी आठ भाजपमध्ये गेले. पक्षांतरबंदी कायद्यातील विलीनीकरणाच्या तरतुदीला दोन तृतीयांश आमदार लागतात. अकरांत आठ ही संख्या त्या हिशेबात चोख बसते. शपथेबद्दल विचारल्यावर माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत म्हणाले की, आपण पुन्हा देवळात जाऊन देवाला विचारले आणि देवाने योग्य वाटेल ते करण्यास सांगितले.

बाहेरच्यांना हे उत्तर थट्टेचे वाटले. गोव्यात आणि कोकणात देवाला कौल लावण्याची रीत आहे आणि लग्नापासून जमिनीच्या वादापर्यंत माणसे तो घेतात, म्हणून येथे त्या उत्तराला निदान एक ओळखीचा आकार होता. पण ज्या मतदाराने ती शपथ पाहून मत दिले, त्याला कौल कोणी विचारला? त्याची फसवणूक त्याच्या श्रद्धेच्या आधारे झाली, आणि कलम १२३ मध्ये तिला जागा नाही, कारण येथे धर्माच्या नावाने मागितले गेले ते मत नव्हते, विश्वास होता.

सीनाकाठ:

सर्वांचे आभार. नवबौद्धांचे उदाहरण मी वर्गात घेणार आहे. बेलभंडाऱ्याचा प्रश्न मात्र राहिला.

सनदधारक यांचे उत्तर:

प्रथम उलटतपासणी यांना. २०१७ चा निकाल मी वगळला तो उत्तर लांबले म्हणून. आपण दिलेले उदाहरण अवघड आहे हे मान्य. वकील म्हणून मी अशा उमेदवाराचा बचाव करीन तो असा की, त्याने मत मागितले ते हक्काच्या मागणीवर, ‘आपण बौद्ध आहोत म्हणून’ नव्हे. हा भेद न्यायालयात टिकेल की नाही, ते भाषणाच्या नेमक्या शब्दांवर ठरेल, आणि एका वाक्याने निकाल फिरावा ही अवस्था चांगली नाही.

आता बेलभंडारा. याला कायद्यात नाव आहे आणि ते कलम १२३(३) मध्ये नसून १२३(२) मध्ये, ‘गैरवाजवी प्रभाव’ या सदरात आहे. मतदारावर देवाचा कोप होईल किंवा त्याला आध्यात्मिक दोष लागेल, असे त्याच्या मनात भरवणे किंवा भरवण्याचा प्रयत्न करणे हे तेथे स्पष्टपणे भ्रष्ट आचरण म्हटलेले आहे. कायदा लिहिणाऱ्यांना आपला समाज चांगला ठाऊक होता असे हे पोटकलम वाचताना वाटते. धर्म कोणताही असो, उमेदवार त्याच धर्माचा असो वा नसो, येथे फरक पडत नाही. धाक पुरेसा आहे. पैसे देणे हा त्याखेरीज वेगळा गुन्हा.

मात्र हे कलम लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांना लागू आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक याचिका ग्रामपंचायत अधिनियमाखाली दिवाणी न्यायाधीशापुढे चालते आणि सहकारी सोसायट्यांची व्यवस्था आणखी निराळी आहे, त्यामुळे तेथे त्या त्या कायद्याची भाषा पाहावी लागेल. प्रकरणे उभी राहत नाहीत त्याचे कारण मात्र सगळीकडे एकच आहे. शपथ घेतल्याची साक्ष द्यायला तोच मतदार लागतो, आणि साक्ष देताना त्याला पैसे घेतल्याचे कबूल करावे लागते, जो त्याचाही गुन्हा आहे. शिवाय तो मनापासून श्रद्धाळू असेल तर भंडारा उचलून दिलेला शब्द न्यायालयात येऊन मोडायला तो तयार होत नाही. आणि श्रद्धाळू नसेल तर त्याने पैसे घेऊन मत दुसऱ्यालाच दिलेले असते, म्हणून त्याचीही तक्रार नसते.