क्ष तीन नाही म्हणून छेद उडवला, मग लगेच तीनच कसा घातला?

साकीनाक्याचा_टर्नर
मुलगी अकरावी सायन्सला आहे. मी आयटीआयचा टर्नर, साकीनाक्याला जॉबवर्कच्या गाळ्यात लेथवर असतो. रात्री जेवणं झाली की ती वही घेऊन बसते आणि मी शेजारी. त्रिकोणमितीपर्यंत माझी गाडी ढकलत का होईना आली, लिमिटला (क्ष एखाद्या आकड्याच्या जवळ जवळ नेला की उत्तर कुठे जातं, ते) मात्र अडली.

गणित असं: (क्ष² − ९) ÷ (क्ष − ३), क्ष ३ कडे जातो. सरळ ३ घातला तर शून्य भागिले शून्य. क्लासमध्ये सांगितलं, अवयव पाडा, क्ष − ३ वरखाली उडवा, उरला क्ष + ३, त्यात ३ घाला, उत्तर ६. पोरीला उत्तर आलं, मार्कही मिळतील. माझं भांडण निराळं आहे. उडवताना म्हणायचं की क्ष ३ नाही, म्हणजे आपण शून्याने भागत नाही. आणि पुढच्याच ओळीत क्षच्या जागी ३! एका गणितात दोन्ही कसं चालतं? पोरगी म्हणते, "पप्पा, पद्धत आहे, पाठ करा." क्लासमध्ये विचार म्हटलं, तर पोर्शन मागे पडलाय म्हणे.

अंधेरी_स्लो
एवढं कशाला? २.९ घाला, ५.९ येतं. २.९९ घाला, ५.९९. दिसतंय ना कुठे चाललंय ते? नाहीतर एल-हॉपिटलचा नियम लावा, वरच्याचं आणि खालच्याचं वेगवेगळं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) घ्या: वर २क्ष, खाली १, क्ष ३ घातला की झाले ६. इंजिनियरिंगला आम्ही हेच केलं.

मुलुंडची_गणितवाली
टर्नरदादा, तुमचं भांडण फार जुनं आहे. न्यूटनच्या पद्धतीत वाढ आधी शून्य नाही म्हणून भागायचं आणि मग तीच शून्य समजून टाकून द्यायची, यावर बिशप बर्कली यांनी १७३४ मध्ये जाहीर झोड उठवली होती. कोशी आणि वायरस्ट्रास या गणितज्ञांनी त्याला पक्कं उत्तर दिलं ते थेट एकोणिसाव्या शतकात. तेव्हा पोरीला सांगा, पप्पांची शंका बरोबर आहे.

आता उत्तर. तुमच्या फंक्शनला, म्हणजे या भागाकाराला, ३ वर किंमतच नाही. आलेख काढलात तर क्ष + ३ ची सरळ रेष येते, फक्त (३, ६) हा एक ठिपका गायब. लिमिट त्या ठिपक्याची चौकशी करतच नाही, आजूबाजूचीच करते. आजूबाजूला ही दोन फंक्शनं तंतोतंत सारखी, म्हणून त्यांची लिमिटही एकच. छेद उडवला तो एवढ्याच बळावर. पुढे ३ घालणं ही वेगळी पायरी. क्ष + ३ ची रेष कुठे तुटत नाही, त्यामुळे तिची ३ वरची लिमिट आणि ३ वरची किंमत एकच असते. किंमत काढणं सोपं, म्हणून ती काढतो. तुमच्या मूळ फंक्शनमध्ये ३ कोणी घातलेलाच नाही. वहीत या दोन पायऱ्या एका ओळीत कोंबतात, सगळा घोळ तिथे.

"जवळ" म्हणजे किती, हे तुम्हाला मी काय सांगू! ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) असतो तसंच. समोरचा म्हणाला, उत्तर ६ पासून ०.००१ च्या आत हवं. तुम्ही सांगायचं, क्ष ३ पासून ०.००१ च्या आत ठेवा, फक्त ३ नको. तो कितीही बारीक मागो, तुमच्याकडे जबाब हवा. त्याची मागणी म्हणजे एप्सिलॉन, तुमचा जबाब म्हणजे डेल्टा.

अंधेरी_स्लो, आकडे घालून अंदाज येतो, खात्री नाही. साइन(π ÷ क्ष) मध्ये क्ष शून्याकडे नेत ०.१, ०.०१, ०.००१ घाला, दर वेळी ० येईल. मग २/४१ आणि २/४०१ घाला, १ येईल. शून्यापाशी लिमिटच नाही. आणि एल-हॉपिटल इथे नकोच. हे गणित म्हणजेच क्ष² च्या ३ वरच्या डेरिव्हेटिव्हची व्याख्या आहे. जे काढायचं तेच वापरून काढताय.

साकीनाक्याचा_टर्नर
मॅडम, टॉलरन्स म्हटल्यावर डोक्यात बसलं. आमच्या लेथवर क्रॉस स्लाइड (हत्यार जॉबच्या आत-बाहेर नेणारा भाग) ०.०१ मिमी आत घेतली की व्यास ०.०२ ने उतरतो, दोन्ही बाजूंनी कटतो ना. पार्टीने व्यासात ±०.०२ दिलं तर मला स्लाइडला ०.०१ च सांभाळावं लागतं. म्हणजे डेल्टा एप्सिलॉनच्या निम्मा. बरोबर?

पुढचं गणित |क्ष| (वजा चिन्ह काढलेला क्ष) ÷ क्ष आहे, क्ष शून्याकडे जातो. उजवीकडून १, डावीकडून −१. पोरगी म्हणते लिमिट नाही. मी म्हटलं, मधलं शून्य धरलं तर?

मुलुंडची_गणितवाली
निम्मा, अगदी बरोबर.

शून्य धरा आणि मी ०.५ चा टॉलरन्स मागते. क्ष कितीही बारीक घ्या, उत्तर १ किंवा −१ च येणार, दोन्ही शून्यापासून पूर्ण १ लांब. सगळा माल रिजेक्ट. दुसरा कुठलाही आकडा धरलात तरी सुटका नाही, कारण १ आणि −१ मध्ये २ चं अंतर आहे आणि ०.५ च्या टॉलरन्सचा पट्टा एकूण १ रुंदीचा. पोरीचं उत्तर बरोबर आहे, पण "का" ते तिच्याकडून लिहून घ्या.