माळ्यावरचा भोपळा आणि बरणीतली करवंदं: तुमचे अनुभव लिहा

कुळागर
परवा कौलं शाकारायला माणसं आली म्हणून माळा रिकामा केला, तर वाशाला सुंभाची चार शिंकाळी तशीच लोंबत होती, सासूबाईंनी बांधलेली. पावसाळाभर त्यात तांबडे भोपळे असायचे. जमिनीवर ठेवला की खालून कुजतो, टांगला की चहूबाजूंनी वारा लागतो. आणि कापताना देठ चार बोटं ठेवायचाच, तो निघाला की तिथूनच सड सुरू होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी देठाला धरून भोपळा उचलला आणि देठ हातात आला. त्या ओरडल्या नाहीत, म्हणाल्या चल, आज घारगे करू. ते शिंकाळं हातात घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे. या मे महिन्यात परत टांगणार. परसात काय लावता, काय टिकवता ते लिहा, करवंदं, भिरंडं म्हणजे कोकमं, सगळं चालेल.

पेडण्याची बाय
वाचून डोळे भरले गो. आमच्याकडे कोहळा. अंगावर पांढरी पूड धरली की तयार. किसून मीठ लावायचं, घट्ट पिळायचं, वाटलेली उडदाची डाळ, मिरची, हिंग, आणि सुपावर सांडगे घालायचे. चार कडक उन्हं लागतात. कावळ्यांना हाकलायची ड्युटी आम्हा मुलांची, एक सांडगा गेला तरी आजी मोजायची!! पिळलेलं पाणी टाकू नका, आमटीत घाला

सत्तरीकार
करवंदं, आम्ही कांटां म्हणतो. लोणच्याला हिरवी कडक काढायची, पिकलेली ती वाटेतच संपतात. चीक फार, म्हणून सुरीला आणि बोटांना आधी तेल लावा. मिठाच्या पाण्यात एक रात्र ठेवून मग फोडणी. मीठ आगरवाड्याचं, जाडं. आयोडीनच्या बारीक मिठाने मला तरी ती चव येत नाही

मडगाव बाल्कनी
मी तिसऱ्या मजल्यावर ड्रममध्ये भोपळा लावलाय, फुलं भरपूर पण मागचं छोटं फळ पिवळं होऊन गळतं. तीनदा झालं. बी ज्या दुकानातून आणलं त्याने सांगितलं खत घाला, खत घातलं तर पानंच पानं. खूप वाईट वाटतं सकाळी ते गळलेलं बघून

कुळागर
@मडगाव बाल्कनी बीज धरत नाहीये रे, तिथे मधमाशी येत नसणार. बारीक लांब देठाचं ते नर फूल, मागे गोळी असते ते मादी. सकाळी सातच्या आत नर तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादीच्या मधोमध हलकेच फिरवायचं. ऊन चढलं की फूल मिटतं. उरलेल्या नर फुलांची भजी कर.

सत्तरीकार
आणि धरलं की कागदात गुंडाळ, फळमाशी डंख मारते. आंब्याला लावतात तो सापळा इथे चालत नाही, भोपळावर्गाच्या माशीला क्यू ल्यूर नावाच्या आमिषाचा सापळा लागतो. मी दोन वर्षं चुकीचाच टांगत होतो

शिवोलीची सून
भिरंडांचं लिहिते, दूध उतू जातंय तोवर. साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, परत रस, परत ऊन, असं चार-पाच वेळा. 2025 ला मे संपायच्या आतच पाऊस लागला ना, माझी अर्धी सोलं बुरसली. फेकताना आईची आठवण आली, तिने एक पाकळी वाया जाऊ दिली नसती. आता एप्रिलमध्येच पहिला घाणा उरकते, पुरुमेंतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या दिवसांसाठी, थांबत नाही

पेडण्याची बाय
@शिवोलीची सून माझीपण गेली गो त्या वर्षी 😔 येत्या शुक्रवारी म्हापशाला येणार का? खोल्याची (काणकोणातल्या खोला गावची) मिरची बघायचीय, मागच्या वेळी दुसरीच मिरची खोल्याची म्हणून मिळाली

शिवोलीची सून
येते, दहाला. सुंभ पण घेऊया, कुळागरताईंचं वाचून मलाही शिंकाळी करायचीत

कुळागर
सुंभ विकत घेऊ नका, माझ्याकडे गुंडाळी आहे, देते.

मडगाव बाल्कनी
ताई!! आठ दिवसांपूर्वी सकाळी सहा पन्नासला केलं होतं. गळलं नाही. लिंबाएवढं झालंय, हिरवंगार, वर बारीक लव आहे. पण गिरलाच्या बाहेर लोंबतंय, वजनाने तुटेल का?

कुळागर
तुटेल. नारळाएवढं व्हायच्या आत जुन्या ओढणीची झोळी बांध, आणि झोळीचा भार गिरलावर ठेव, वेलावर नको.