अनुभव धागा: समुद्रकाठ, रान आणि नदीकाठच्या धावायच्या वाटा

धागाकर्ता

पाऊस ओसरतोय, माळ्यावरचे बूट खाली निघतील. या धाग्यावर महाराष्ट्रातल्या आणि शेजारच्या गोव्यातल्या धावायच्या वाटा गोळा करू. सूर्योदयाचे फोटो नकोत, ते हवे तितके मिळतात. 'मी अमुक किलोमीटर मारले' हेही नको. पायाखाली काय आहे, कोणत्या महिन्यात आणि किती वाजता जावं, कुठे फसायला होतं, एवढं लिहा.

सुकती (गुहागर)

किनाऱ्यावर धावायचं तर घड्याळाच्या आधी पंचांग बघा. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनला पूर्ण भरती आणि पहाटेही त्याच सुमाराला. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पक्ष बदलला की तिथी पुन्हा एकपासून मोजायची. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण धावायला निघायचं की झोपायचं हे ठरवायला एवढं पुरतं.

याचा अर्थ असा की पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंतच्या सकाळी सोन्यासारख्या. उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप मागे जातं आणि रुंद, टणक वाळू मोकळी होते. सप्तमी ते दशमी मात्र सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळी पाणी वर असतं. भांगाची (म्हणजे या मधल्या तिथींची) भरती फार चढत नाही हे खरं, पण तुमच्या वाट्याला उरते ती सुरूच्या बनाजवळची भुसभुशीत पट्टी. कोरड्या वाळूत धावायला टणक जमिनीच्या दीडपटीहून जास्त शक्ती लागते, आणि ती सगळी पोटऱ्या व टाचेमागच्या शिरेतून वसूल होते. सवय नसेल तर दहा मिनिटांवर थांबा.

टणक वाळू ओळखायची खूण: पाऊल टेकताच भोवतीची ओली वाळू क्षणभर पांढुरकी, कोरडी दिसली तर ती घट्ट बसलेली आहे. उलट पावलाभोवती पाणी वर आलं तर ती पोकळ आहे, दोन पावलं समुद्राकडे किंवा जमिनीकडे सरका. गुहागरचा किनारा सलग सहाएक किलोमीटर आहे. दापोलीकडे मुरुड-कर्देचा पट्टाही असाच सलग. उतार सगळीकडे समुद्राकडे असतो, त्यामुळे जाताना एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो. एकाच दिशेने लांब जाऊन रिक्षाने परतू नका, त्याच रेषेवरून उलट या. दोन्ही पायांना सारखा भार मिळतो.

खाडीच्या मुखाशी किनारा संपतो तिथे वळा. पलीकडची वाळू हाकेवर दिसते, मधलं पाणी घोट्याएवढं वाटतं, पण तळाशी गाळ असतो आणि ओहोटीचा ओढा पाय काढून घेतो.

टाच_टिकवा

अनवाणी की बूट, यावर इथे भांडण होणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. ओल्या टणक वाळूवर अनवाणी चालेल, पण आठवड्यातून एकदा, तेही एकूण अंतराच्या पाव भागापुरतं. कारण साधं आहे. बुटाची टाच तळव्यापेक्षा आठ-दहा मिलिमीटर उंच असते. ती काढली की टाचेमागच्या शिरेला अचानक तेवढं जास्त ताणावं लागतं. दुखणं त्या दिवशी येत नाही, दुसऱ्या सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना येतं.

सुकती (गुहागर)

आमच्याकडची पोरं जन्मभर अनवाणी धावतात, त्यांना हे लागू नाही. बाकीच्यांना लागू आहे, मान्य.

सालसेत

गोव्यात वेळसांव-माजोर्ड्यापासून मोबोरपर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटर जवळपास सरळ रेषेत वाळू आहे. दक्षिणेला साळ नदीच्या मुखाशी ती संपते. इथे भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षा बराच कमी, उधाणालाही साधारण दोन मीटर. मुंबईत तो साडेचारच्या वर जातो. त्यामुळे तिथीचं गणित इथे थोडं सैल धरलं तरी चालतं. वेळ मात्र मुंबईच्या तासभर आधीची धरा.

मधे दोन-तीन ओहोळ आडवे येतात. ते सरळ उडी मारून ओलांडू नका, कडेची वाळू आतून पोखरलेली असते आणि पायाखाली कोसळते. समुद्राकडे जाऊन, जिथे ओहोळ पसरट होतो तिथून चालत पार करा.

सकाळची रापण (किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं) हा दुसरा मुद्दा. किनाऱ्यावरून माणसं दोर ओढत असतात आणि तो दोर पाण्यापासून वाळूपर्यंत गुडघ्याच्या उंचीवर ताणलेला असतो. झुंजुमुंजु उजेडात ओला दोर वाळूच्याच रंगाचा दिसतो. ओढणाऱ्यांच्या पाठीमागून, जमिनीच्या बाजूने वळसा घाला. दोरावरून उडी मारली तर बोलणी बसतात, आणि बसायलाच हवीत.

पावसाळ्यात निळे फुगे (जेलीफिशसारखे समुद्री जीव) वाहून येतात, त्यांवर अनवाणी पाय पडला तर आग होते. मेलेले दिसले तरी दंश करतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे काडीने काढा, चोळू नका.

काठावरचा

कासवांच्या हंगामाबद्दल एक ओळ. वेळास, आंजर्ले, गोव्यात मोरजी, गालजीबाग या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत अंधारात डोक्यावरची बत्ती लावून धावू नका. पिल्लं उजेडाकडे जातात, समुद्राकडे नाही.

टेकडी_पुणे

रान म्हणजे दरवेळी अभयारण्य नव्हे. वेताळ टेकडी ही पुण्याच्या पोटातली वाट. लॉ कॉलेज, एआरएआय, पंचवटी, चतुःश्रृंगी अशा चारी बाजूंनी चढता येतं. खाली काळा कातळ, वर मुरूम. चढताना मुरूम त्रास देत नाही, उतरताना तो बुटाखाली गोट्यांसारखा सरकतो. उतरणीला पावलं आखूड, गुडघे थोडे वाकलेले, नजर तीन-चार मीटर पुढे. टाचेवर ब्रेक मारू गेलात की घसरलातच. बुटाच्या तळाला चार-पाच मिलिमीटर खोल खाचा हव्यात, रस्त्यावरचे गुळगुळीत बूट इथे नकोत. जुन्या खाणीच्या कडेला कुठे कठडा आहे, कुठे नाही, म्हणून त्या बाजूला अंधारात जाऊ नये.

ऑक्टोबर ते डिसेंबर इथला खरा शत्रू कुसळ आहे. गवत पिवळं पडलं की कुसळं मोज्यात घुसतात आणि प्रत्येक पावलाला आत सरकतात. कुसळावरचे बारीक केस मागच्या दिशेला वळलेले असतात, म्हणून ते पुढेच जातं, मागे येत नाही. शेपटी धरून उपटलं तर टोक मोज्यात तुटून राहतं. मोजा उलटा करा, टोक आतल्या बाजूने चिमटीत पकडा आणि ज्या दिशेने शिरलं त्याच दिशेने ओढून काढा. जाळीदार बूट टाळा, मोजे घट्ट विणीचे आणि घोट्याच्या वर. फेब्रुवारीनंतर हेच गवत वणव्याला कारण होतं. धूर दिसला तर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने खाली उतरा.

बोरिवली_फाटक

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मुख्य फाटकापासून कान्हेरीपर्यंत डांबरी रस्ता आहे, सहाएक किलोमीटर, शेवटी चांगला चढ. सावली इतकी की एप्रिलमध्येही आठपर्यंत तग धरता येतो. पण हा बिबट्याचा मुलूख. उजाडल्यावर निघा, अंधार पडायच्या आत बाहेर या, कानात काही खुपसू नका. लेस रस्त्याकडेच्या झाडीजवळ बसून बांधायची नाही. वाकलेलं, बसलेलं माणूस त्याला छोटं सावज वाटतं. समोर दिसलाच तर धावणं तिथेच थांबवा, पाठ फिरवू नका, हात वर करून मोठे दिसा, हळूहळू मागे सरका. पळणाऱ्याच्या मागे लागणं ही त्याची सवय.

जुन्नर-शिरूरकडच्या उसाच्या पट्ट्यात हेच नियम, तिथे रान म्हणजे ऊस.

लाल_माती

माथेरान. दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाड्या नाहीत, हेच मोठं सुख. उंची आठशे मीटरच्या आसपास, सगळीकडे झाडी, लाल मातीचे रस्ते, काही ठिकाणी पेव्हर. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. मार्चनंतर धूळ घशात जाते. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि धुक्यात पॉइंटची कड दिसत नाही, तेव्हा तिथे फक्त चालावं. घोड्याच्या मागून येताना आधी आवाज द्या. हातात प्लास्टिकची पिशवी असेल तर माकडं ती आपलीच समजतात.

कृष्णाकाठ

नदीकाठाचं सगळं पाणीपातळीवर ठरतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याशी ३९ आणि ४३. हे आकडे पुराचे. धावणाऱ्याची वाट त्याच्या कितीतरी आधी बंद होते, कारण घाटाच्या खालच्या पायऱ्या आणि पाणंदी आधी बुडतात. २०१९ ला आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी ओसरल्यावरही लगेच जाऊ नका. घाटावर गाळाचा थर राहतो, वरून सुकून भेगाळतो आणि खाली लोण्यासारखा असतो.

काळ्या मातीचं एक गणित पाठ करा: पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन कडक उन्हं पडेपर्यंत त्या वाटेला जायचं नाही. माती तळव्याला थरावर थर चिकटत जाते, बूट जड होतो, चाल बिघडते आणि मांडीच्या सांध्याजवळ लचक भरते.

कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पलीकडे जाऊन गोल फेरी करता येते, पण पावसाळ्यापूर्वी बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढतात आणि नंतर बंधारा पाण्याखाली जातो. वरून बोटभर पाणी वाहत असलं तरी ओलांडू नये, खालचा दगड शेवाळलेला असतो. साखर कारखाने सुरू झाले की मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या शेतांतल्या) वाटांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर वळणावर आतल्या बाजूने कापतो, तुम्ही बाहेरच्या बाजूला रहा.

पाटकरी

नदीपेक्षा पाट बरा, असं माझं मत. कालव्याचा उतार इतका कमी असतो की कडेची देखरेखीची वाट जवळपास सपाट मिळते. पुण्यात मुठा उजव्या कालव्याकडेने, खाली नीरेच्या कालव्यांवर अशा वाटा आहेत. आवर्तन सुरू असताना, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडलेलं असताना, कालव्याकडून गार हवा लागते, पण काठ निसरडा होतो, पाण्यापासून दोन हात दूर धावा. उतरून तोंड धुवायचा मोह टाळा, अस्तरीकरण केलेल्या कालव्यातून वर चढता येत नाही. बाभळीचा काटा बुटाचा फोम आरपार भेदतो. काटा काढून झाल्यावर तळवा अंगठ्याने दाबून बघा, टोचलं तर तुटका तुकडा आत आहे.

घाटवाट_सातारा

यवतेश्वर घाटाशिवाय धागा अपुरा. २०१२ पासूनची सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटात होते: निम्मी चढ, त्याच वाटेने निम्मी उतार. लोक चढाची तयारी करतात आणि उतारावर कोसळतात. चढताना वेग विसरा, अख्खं वाक्य बोलता येईल इतक्याच दमाने जा. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार झेलतात, म्हणून आधीचे सहा आठवडे दर आठवड्याला दोन-तीन किलोमीटर मुद्दाम उतरणीचा सराव हवा.

समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून उजव्या कडेने धावतात, ते बरोबर. पण उजवीकडे वळणाऱ्या आंधळ्या वळणावर त्याच कडेला गाडी अंगावर येते. वळणाआधी रस्ता ओलांडून बाहेरच्या बाजूला जा, पुढे पुन्हा उजवीकडे. कासचा फुलांचा हंगाम असेल तर शनिवार-रविवार घाट विसरा.

संत्रानगरी

नागपूरला सेमिनरी हिल्स, फुटाळा, अंबाझरी. मे महिन्यात इथे सूर्य मुंबईच्या सुमारे अर्धा तास आधी उगवतो, त्यामुळे मुंबईवाल्यांचं 'सहाला निघू' इथे चालत नाही. पाचला सुरू, सहाला घरी. कोकणात घाम सुकत नाही म्हणून कळतो. इथे तो अंगावरच उडून जातो आणि किती गेला ते समजत नाही. निघण्याआधी आणि आल्यावर वजन करा, जितकं कमी भरेल तितकं पाणी पुढच्या दोन-तीन तासांत थोडंथोडं घ्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. वाघ असलेल्या जंगलांच्या बफरमधले रस्ते सुंदर आहेत, पण ते धावायचे नाहीत.

धागाकर्ता

समुद्राच्या पाण्यात आणि लाल मातीत भिजलेल्या बुटांबद्दल दोघांनी विचारलंय. आधी गोड्या पाण्यातून काढा, मिठाचे कण राहिले तर शिवण कडक होऊन टाच सोलते. आतला तळवा वेगळा वाळवा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. उन्हात किंवा गिझरवर नको, डिंक सुटतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांनी बूट बाहेर वाळवले असतील तर घालण्याआधी उलटे करून आपटावेत, फुरशाला अशा जागा आवडतात. पालघर, डहाणू आणि गोदावरीकाठच्या वाटा अजून कोणी लिहिलेल्या नाहीत.