कोसुमेलचे रीफ आणि तुलुमकडचे सेनोते एकाच सुट्टीत कसे बसवावेत?

केदार_ह्यूस्टन

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये मी, बायको आणि पुण्याहून येणारी मेहुणी असे तिघं मेक्सिकोला डायव्हिंगसाठी जायचं ठरवतोय. शनिवारी कानकुनला उतरू, परतीचं विमान पुढच्या रविवारी सकाळी अकराचं. तिघांनीही ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स अंदमानात हॅवलॉकला केला. मेहुणी त्यानंतर कर्नाटकातल्या नेत्राणी बेटालाही जाऊन आली. मी आणि बायको मात्र गेलं वर्षभर पाण्यात उतरलेलो नाही. पुढचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स कुणाचाच झालेला नाही.

कोसुमेल बेट नक्की आहे. पण सेनोत्यांचे, म्हणजे जमिनीतल्या पाणी भरलेल्या विवरांचे आणि गुहांचे, व्हिडिओ पाहिल्यापासून मेहुणीनं तोच हट्ट धरलाय, आणि बायकोला बंद जागेची भीती वाटते. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली तरी तिला घाम फुटतो. आधी रीफ करावेत की सेनोते? मुक्काम बेटावर करावा की समोरच्या किनाऱ्यावरच्या प्लाया देल कार्मेनला? ओपन वॉटरवर कॅव्हर्न डाइव्ह, म्हणजे गुहेच्या तोंडाकडच्या उजेडाच्या भागातली डाइव्ह, करू देतात का? आणि मेहुणीकडे अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा आहे, मेक्सिकोचा वेगळा काढावा लागेल का?

मृणाल_रेवंडी

केदार, आधी रीफ, मग सेनोते. हा क्रम बदलू नका. वर्षभर कोरडं राहिलेल्या माणसानं डोक्यावर खडक असलेल्या पाण्यात पहिली डाइव्ह करू नये.

रविवार ते मंगळवार कोसुमेलला द्या. पहिल्या दिवशी पालांकार गार्डन्स किंवा पासो देल सेद्राल हा रीफ मागून घ्या. बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला प्रवाह बहुतेक वेळा दक्षिणेकडून उत्तरेला वाहतो. तो तुम्हाला घेऊन जातो आणि बोट वरून तुमच्या बुडबुड्यांमागे येत राहते. म्हणजे पाय मारत सुटायचं कारणच नाही. हे तीन दिवस एका गोष्टीसाठी वापरा: हात छातीशी धरून, काही न हलवता, फक्त श्वासावर एका उंचीला स्थिर राहणं. श्वास घेतला की जरा वर, सोडला की जरा खाली. पुढे गुहेत हेच लागणार आहे.

सांता रोसाची भिंत तिसऱ्या दिवशी ठेवा. तिथे पायाखाली नुसता निळा रंग असतो, तळ दिसतच नाही, आणि माणूस नकळत खोल जातो. तुमची मर्यादा १८ मीटर आहे, नजर मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर ठेवा. पुंता सुरच्या डेव्हिल्स थ्रोटला नेतो असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. तो बोगदा ४० मीटरच्या आसपास बाहेर पडतो.

प्रवाळांच्या कपारीत स्प्लेंडिड टोडफिश शोधायला गाइडला सांगा. चपटं डोकं, त्यावर काळे-पांढरे पट्टे, परांना पिवळी कड. हा मासा जवळजवळ फक्त कोसुमेललाच सापडतो, आणि बऱ्याचदा दिसण्याआधी त्याचं घुमणं ऐकू येतं. ऐकू आलं की तिथेच थांबा.

एक गोष्ट आधीच सांगते. २०१८ मध्ये मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्याला प्रवाळांच्या पेशी झडवणारा रोग आला. मेंदूसारख्या घड्या असलेले मोठमोठे प्रवाळ पांढरे पडून मेले. जुने फोटो पाहून गेलात तर वाईट वाटेल. स्पंज, कासवं, माशांचे थवे अजून आहेत. १९९६ पासून हा भाग राष्ट्रीय उद्यान आहे. पाण्यात हातमोजे आणि सुरी चालत नाही, अंगाला सनस्क्रीन लावायचं नाही. लांब बाह्यांचा रॅशगार्ड घ्या.

आता सेनोते. युकातानचा बराचसा भाग सपाट चुनखडीचा आहे, जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीतच. पावसाचं पाणी खडकात झिरपून खालून वाहतं, आणि जिथे छत कोसळलं तिथे सेनोते उघडं पडलं. हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून जास्त खाली होता, तेव्हा या गुहा कोरड्या होत्या. छतावरून लोंबणारे ते स्तंभ तेव्हा थेंबाथेंबानं तयार झाले. आता सगळं पाण्याखाली असल्यामुळे त्यांची वाढ थांबलीय. तुमच्या सिलिंडरनं एक तुकडा मोडला तर तो कायमचा गेला. म्हणून तीन दिवस स्थिर राहण्याचा सराव करा म्हणते.

ओपन वॉटरवर कॅव्हर्न करू देतात, गाइडसोबत. कॅव्हर्न म्हणजे गुहेचा तेवढाच भाग जिथून बाहेरचा उजेड सतत दिसतो आणि पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, उभं-आडवं मिळून, ६० मीटरच्या आत राहतं. मोकळ्या पाण्यापर्यंत सलग दोरी असते. एक तृतीयांश हवा जाताना, एक तृतीयांश येताना, उरलेली अडीअडचणीला. गाइडकडे फुल केव्ह प्रमाणपत्र आणि दोन सिलिंडर हवेत. एका गाइडमागे चारच जण, त्याहून जास्त नाहीत. बुकिंग करताना हे सगळं लेखी विचारा. एका दुकानानं मला ‘सहा जण असले तरी चालतं, सगळे अनुभवी आहेत’ असं उत्तर दिलं होतं. तिथे मी पैसे भरले नाहीत.

आत एका जागी यमदूताचं चित्र असलेली पाटी लागते: थांबा, इथून पुढे जाऊ नका. ती ओलांडून ‘दोन मिनिटं आत जाऊन येऊ’ म्हणणाऱ्या गाइडमागे कुणीही जायचं नाही, मेहुणीनंही नाही. पुढे उजेड नसतो, आणि एका चुकीच्या लाथेनं गाळ उठला की समोरचा हातसुद्धा दिसत नाही.

तुमच्यासाठी दोस ओहोस हे सेनोते उत्तम. खोली जेमतेम दहा मीटर आणि प्रकाश भरपूर. ही गुहा पुढे साक आक्तुन या दुसऱ्या गुहेला मिळते असं जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालं, तेव्हा दोन्ही मिळून ३४७ किलोमीटरची मोजणी झाली होती. आंखेलिता आणि एल पिट हे खोल सेनोते अ‍ॅडव्हान्स्डशिवाय नको. एल पिटमधले ते सरळ खाली येणारे प्रकाशाचे झोत तसेही उन्हाळ्यात, भर दुपारी खरे खुलतात.

व्हिसा: अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. तुम्ही एच-वनवर असाल तर स्वतःचाही तपासा. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली असेल तर नुसत्या आय-७९७ वर, म्हणजे मंजुरीच्या कागदावर, प्रवेश मिळत नाही.

नचिकेत_डॅलस

मृणालताईंचं बाकी सगळं पटलं, मुक्कामाबद्दल वेगळं सांगतो. मार्चमध्येही ‘नोर्ते’ म्हणजे उत्तरेचा वारा सुटू शकतो. तो जोरात आला की कोसुमेलचं बंदर छोट्या बोटींना बंद करतात. आम्ही बेटावर हॉटेल घेतलं होतं आणि सलग दोन दिवस खिडकीतून लाटा बघत बसलो. प्लायात राहिलात तर अशा दिवशी गाडीनं सेनोते गाठता येतं, तिथे वाऱ्याचा काही संबंध नाही. फेरीनं बेट पाऊण तासावर आहे.

मृणाल_रेवंडी

नचिकेत, वाऱ्याचं बरोबर आहे. पण रोज ओलं सामान घेऊन फेरीनं जायचं आणि यायचं, यात माणूस थकतो आणि थकलेला माणूस पाण्यात हवा जास्त खातो. बेटावर चार रात्री आणि मग प्लायात चार, असं करा. नोर्तेचा अंदाज साधारण दोन-तीन दिवस आधी येतो. दुकानाला आधीच विचारून ठेवा की बंदर बंद झालं तर पैसे परत देणार की तारीख बदलून देणार. आणि पहिलेच दिवस वाया गेले तर दोस ओहोस ठरल्यापेक्षा आधी उरकू नका. कासा सेनोतेला जा. तिथे डोक्यावर आभाळच आहे.

अनुजा_कोथरूड

मी नेत्राणीला शिकले, तिथल्या वजनाच्या सवयीनं गोड्या पाण्यात गेले तर बुडेन का? आणि थंडी कितपत?

मृणाल_रेवंडी

अनुजा, फार छान विचारलंस. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड. तू आणि सामान मिळून शंभर किलो धरलं तर सेनोत्यात अडीचेक किलो वजन कमी लागतं. पण पाणी २४-२५ अंश असतं आणि दुसऱ्या डाइव्हला दात वाजायला लागतात, म्हणून तिथे ५ मिलिमीटरचा सूट घालतात. जाड सूट वर उचलतो, म्हणजे काढलेलं वजन थोडं परत येतं. उतरल्यावर पहिली पाच मिनिटं वजन तपासण्यात घालव, गाइडला घाई करू देऊ नकोस.

चाक मोल या सेनोत्याला गेलीस तर दहा-बारा मीटरवर गोडं पाणी संपून खारं लागतं. त्या सीमेवर सगळं धूसर होतं, पाण्यात साखरेचा पाक ओतल्यासारखं. मास्क खराब झाला असं वाटेल. झालेला नसतो. समोरच्याच्या थेट मागे राहू नकोस, जरा बाजूनं पोह. दोन थर त्याच्या फिननं ढवळले नाहीत की तुला नीट दिसेल.

आणि सगळ्यांनाच सांगते: उतरण्याआधी आंघोळ करा, मच्छरांचं मलमसुद्धा धुऊन काढा. हेच पाणी तिथली माणसं पितात. प्लाया-तुलुम पट्ट्यात त्रेन माया रेल्वेसाठी गुहांच्या छतातून पोलादी खांब थेट पाण्यात उतरवलेत, ते पाहून मला रात्रभर झोप लागली नव्हती. आपल्याकडून निदान तेलाचा तवंग तरी नको.

केदार_ह्यूस्टन

मनापासून आभार. बायको शेजारी बसून वाचतेय. ती विचारते, आत गेल्यावर भीती वाटली तर काय करायचं? माझ्यामुळे सगळ्यांची डाइव्ह बुडेल.

मृणाल_रेवंडी

वहिनी, बुडू दे. अंगठा वर केला की डाइव्ह संपली, सगळ्यांची, आणि कारण कुणी विचारायचं नाही. केव्ह डायव्हर आपसात हाच नियम पाळतात. तुम्ही फक्त गाइडला आदल्या दिवशीच लिफ्टचं सांगून ठेवा. तो तुम्हाला स्वतःच्या लगेच मागे ठेवेल आणि उजेडाच्या बाजूनं नेईल.

बुधवारी बेटावरून निघून आराम करा. गुरुवारी कासा सेनोते: खारफुटीतून वळत जाणारा उघडा कालवा, जेमतेम सात-आठ मीटर खोल. तिथे कडेच्या एखाद्या कपारीखाली मिनिटभर थांबून बघा कसं वाटतं ते. बरं वाटलं तर शुक्रवारी सकाळी दोस ओहोस. नाही वाटलं तर दोस ओहोसलाच वरून स्नॉर्केल करा, ती दोघं डाइव्ह करून येतील. तिथे स्नॉर्केलचे गटही असतात, तुम्ही एकट्या नसाल.

शनिवारी पाण्यात कुणीच उतरायचं नाही. अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर विमानाआधी किमान १८ तास हवेत, तुम्हाला त्याहून बरेच जास्त मिळतात. चिचेन इत्झा बघून या. फक्त तो शनिवार २०-२१ मार्चच्या आसपास येत असेल तर पहाटेच निघा, पिरॅमिडवरची सापाची सावली बघायला तोबा गर्दी लोटते.

केदार, ह्यूस्टनला एखाद्या तलावात निघण्याआधी रिफ्रेशर घ्या आणि फ्रॉग किक, म्हणजे बेडकासारखी, गाळ न उठवणारी लाथ, शिकून घ्या, तिघंही. तारखा कळल्या की इथे टाका. गाइडला विचारायचे प्रश्न मी स्पॅनिशमध्ये लिहून देते.