‘डार्क’ क्वायरला (समूहगायनाला) मराठीत काय म्हणावं? गडद, विषण्ण की आणखी काही?

धरमपेठी :
आम्ही सात-आठ जण महिन्यातल्या एका रविवारी नागपुरात धरमपेठेत एका काकांच्या दिवाणखान्यात जमतो आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकतो. ज्याची पाळी असेल त्याने निवड करायची आणि अर्ध्या पानाचं मराठी टिपण वाचून दाखवायचं. या खेपेला पाळी माझी होती. मी निवडलं हंगेरियन संगीतकार ग्यॉर्गी लिगेटीचं ‘लुक्स एतेर्ना’, १९६६ सालचं. १६ गळे, वाद्य एकही नाही.

टिपणातलं पहिलंच वाक्य होतं, ‘हे गडद संगीत आहे.’ काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “गडद काय रे? साडी आहे का?”

झालं. पुढचं टिपण कोणी ऐकलंच नाही. पण काकूंचं चूक नव्हतं. गडद रंग असतो, फार तर गडद छाया. ‘काळोखी’ म्हणावं तर शब्दच आडवे येतात. यातली लॅटिन ओळ मृतांसाठीच्या मिस्सामधली (चर्चमधल्या प्रार्थनाविधीतली) आहे, अर्थ ‘त्यांच्यावर अक्षय प्रकाश पडो’ असा. शब्द उजेडाचे आणि ऐकताना पोटात खड्डा! तर अशा संगीताला, आणि ते ऐकून आपलं जे होतं त्याला, मराठीत काय म्हणाल?

पंतोजी :
‘विषण्ण’ घ्या. वि + सद्. सद् म्हणजे बसणे, खचणे. ‘विषाद’ त्याच धातूचा. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन धनुष्य टाकून रथात मटकन बसतो, तो विषाद. गंमत अशी की ‘प्रसन्न’सुद्धा सद् धातूचाच. गढूळ पाणी खाली बसून निवळलं की प्रसन्न, माणूस खचून बसला की विषण्ण. बसणं तेच, उपसर्ग निराळा.

‘उदास’ मात्र टाळा. आज आपण तो खिन्न या अर्थाने वापरतो, पण मूळ अर्थ अलिप्त, बाजूला बसलेला. तुकोबांच्या ‘उदास विचारें वेंच करी’मध्ये दुःखाचा मागमूस नाही, खर्च करताना पैशात जीव अडकवू नको एवढंच आहे.

वऱ्हाडी ठेचा :
पंतोजी, विषण्ण बरोबर आहे, पण तो शब्द ऐकून कोणी विषण्ण होत नाही ना बाप्पा! पेपरातल्या अग्रलेखातला शब्द आहे तो. धरमपेठी, काकूले काऊन नाही विचारलं, ऐकून काय होऊन राहिलं म्हणून?

सदरची :
मी लहानपणापासून नागपूरच्या सदर भागातल्या एका चर्चच्या क्वायरमध्ये गाते (आम्ही ‘क्वायर’च म्हणतो, ‘वृंदगान’ म्हटलं की शाळेचं स्नेहसंमेलन डोळ्यांपुढे येतं). आमच्याकडे ‘डार्क’ हा शब्द रोज वापरात आहे, पण वेगळ्या अर्थाने. सर ‘टोन डार्क करा’ म्हणतात तेव्हा त्यांना दुःख नको असतं, ओठ गोल करून आवाज मागून काढायला सांगत असतात. ‘आ’ जरा ‘ऑ’कडे झुकवायचा. त्याला मराठी शब्द हवा तर ‘घुमारा’ आहेच. तेव्हा आवाजाचा डार्क आणि भावनेचा डार्क आधी वेगळे करा. घुमारदार आवाजात आनंदाचं गाणंही गाता येतं.

दुसरं, ऐकणाऱ्याचं ठीक आहे, गाणाऱ्याचं काय होतं ते सांगते. एकदा आम्ही एक आधुनिक रचना बसवली होती. तिच्यात मला एक सूर धरायचा आणि शेजारणीला त्याच्या अगदी लगतचा, अर्ध्या सुराच्या अंतराने. दोघींचे खांदे लागलेले. तिचा सूर माझ्या सुराला खेचतो, माझा तिच्या. पहिल्या दिवशी मी एका कानात बोट घालून गायले. श्वाससुद्धा चोरून, पाळीपाळीने घ्यायचा, म्हणजे बाहेरच्याला आवाज कुठे तुटला ते कळत नाही. दोन मिनिटांनी हातापायांत बारीक थरथर सुरू झाली. दुःखाचा विचार मनात नव्हता, तरी डोळे भरून आले होते.

पेटीवाला :
सदरच्या ताईंनी नेमकं सांगितलं. घरी पेटी असेल तर करून बघा. शेजारच्या चार पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या न बघता, एकदम दाबा आणि भाता हळूहळू भरा. कानाला कचकच वाटेल. याचं कारण आंदोलनं. सेकंदाला ४४० आणि ४४२ कंपनांचे दोन स्वर एकत्र वाजले की सेकंदाला २ वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. तंबोरा जुळवताना जोडीच्या तारा किंचित इकडेतिकडे असल्या की ऐकू येतं तेच. अंतर वाढलं की ती लाट जाऊन खरखर उरते.

पेटीवर ती खरखर मेलेली असते. गळ्यात कंप असतो, सूर कणभर हलत राहतो, म्हणून लाटा बदलत राहतात. ‘लुक्स एतेर्ना’त सगळे एकच चाल गातात, पण एकामागून एक, थोड्या थोड्या उशिराने. सुरुवातीला एकच स्वर असतो, तो हळूहळू पसरत जाऊन त्याचं धुकं होतं. चाल कुठेच ऐकू येत नाही. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने १९६८च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या अंतराळाच्या सिनेमात हे घेतलं ते उगाच नाही.

माझं मत : ‘गूढ’. गुह् म्हणजे लपवणे. चाल आहे, पण लपलेली.

पंतोजी :
गूढ रचनेला शोभतो. परिणामाला नाही. रहस्यकथाही गूढ असते.

आणि करुण रसाला विसरू नका. संस्कृत नाटककार भवभूती आपला विदर्भाचा, पद्मपूरचा. ‘एको रसः करुण एव’ (रस एकच, करुण) म्हणणारा तोच, आणि रामाच्या शोकाने दगडही रडतो, वज्राचंही काळीज दुभंगतं असं लिहिणाराही तोच. लिगेटीचा भाऊ आणि वडील नाझी छळछावण्यांतून परत आले नाहीत. ते ठाऊक असलं की या धुक्याला गूढ म्हणून सोडून देववत नाही.

फुटाळ्याचा वारा :
‘भेसूर’ कसा वाटतो?

सदरची :
आमच्या क्वायरला आधीच शेजारी भेसूर म्हणतात, आता तुम्हीही म्हणा! भेसूरमध्ये तुच्छता आहे हो. ‘भयाण’मध्ये ती नाही, पण भयाण म्हटलं की माणूसच नसलेली जागा दिसते. इथे तर १६ माणसं आहेत.

धरमपेठी :
वऱ्हाडी ठेचा यांचं ऐकून काकूंना काल विचारलं. मूळ प्रश्नात एक सांगायचं राहिलं होतं. ही रचना इतकी हळू सुरू होते की कूलर चालू असेल तर पहिलं मिनिट ऐकूच येत नाही. म्हणून कूलर बंद केला होता. मे महिन्यात, नागपुरात, दुपारी चार वाजता. सगळे घामाने निथळत बसलेले. शेवटी गायन थांबल्यावरही लिगेटीने काही मात्रा नुसती शांतता लिहून ठेवली आहे. त्या शांततेत समोरच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली, आणि तरी कोणी हललं नाही. काकू तोवर दारात येऊन उभ्या होत्या, हातात पन्ह्याचा ट्रे तसाच.

तर काकू म्हणाल्या, “शब्द एक समजला नाही. पण मयतीच्या घरी बाहेरच्या खोलीत बसलं की आतून बायांचा आवाज येतो ना, कोण काय म्हणते कळत नाही, तसं. गलबलून आलं.”

पंतोजी :
धरमपेठी, शब्द सापडला की! ‘गलबला’ म्हणजे अनेक आवाजांचा कालवा, ज्यात एकही वेगळा काढता येत नाही. आणि ‘गलबलणं’ म्हणजे मनाचं तसंच होणं. पेटीवाल्यांचं धुकं आणि सदरच्या ताईंचे भरलेले डोळे, दोन्ही एका शब्दात आले. ‘गहिवरणं’ त्याच्या जवळचं, पण गहिवर मायेचा आणि कृतज्ञतेचाही असतो. गलबलण्यात काय झालं ते आपलं आपल्यालाही सांगता येत नाही.

पेटीवाला :
मान्य. गूढ मागे घेतो. पण विशेषण कुठाय? ‘गलबललेलं संगीत’ म्हणणार का?

वऱ्हाडी ठेचा :
विशेषण कायले पाह्यजे? ‘हे ऐकून गलबलून येते’ लिहा ना सरळ. मराठीत क्रियापदानं भागते.

धरमपेठी :
तसंच लिहिलं. ‘गडद’ खोडला. पुढची पाळी काकांची आहे, त्यांनी पोलिश संगीतकार पेंडरेत्स्कीचं ‘लाक्रिमोसा’ काढलंय. १९७०मध्ये पोलंडमध्ये गोळीबारात मेलेल्या कामगारांचं ग्दान्स्कच्या गोदीपाशी स्मारक झालं, त्यासाठी १९८०मध्ये लिहिलेलं. नावातच अश्रू आहेत, त्यामुळे टिपण सोपं जाईल असं काकांना वाटतंय. कूलर याही वेळी बंद ठेवायचा का, यावर मात्र घरात अजून एकमत नाही.