छोट्या ट्रॅक्टरला बॅकहो: लिंकेजवर टांगायचा की सबफ्रेमवर? आणि तिसरा होज कुठे जातो?

बांध_आणि_चर

ट्रॅक्टर २७ एचपी, फोर व्हील ड्राइव्ह, पुढे लोडर, मागे कॅटेगरी १ चं थ्री पॉइंट लिंकेज. हायड्रॉलिक ओपन सेंटर (लिव्हर मध्यावर असतानाही तेल फिरत राहतं). पंप मिनिटाला २६ लिटर, रिलीफ (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) १५० बारला. त्याला वापरलेला बॅकहो (मागे लावायचा खोदाईचा हायड्रॉलिक हात) जोडतोय. वजन सुमारे ३२० किलो, खोदाई साधारण २ मीटर. सोबत आलेली चौकट थ्री पॉइंटवर लावायची आहे, सबफ्रेम (ट्रॅक्टरच्या खालून जाणारी वेगळी चौकट) नाही.

अडलेल्या गोष्टी:

१) चौकटीच्या तिन्ही पिना १९ मिमीच्या आहेत. टॉप लिंकमध्ये नीट बसते, खालच्या दोन्ही खडखडतात.

२) बॅकहोच्या व्हॉल्व्हमधून तीन होज निघतात. दोन मागच्या रिमोटला (ट्रॅक्टरच्या मागच्या हायड्रॉलिक जोडणीला) जोडले, तिसऱ्याला प्लग मारला. बॅकहो हलतो, पण त्याचे सगळे लिव्हर सोडले तरी इंजिन दबतं, कर्कश आवाज येतो, काही मिनिटांत तेल हात लावू नये इतकं तापतं. तेवढा वेळ मागची लिफ्टही उचलत नाही.

३) टॉप लिंकऐवजी जाड पाइप वेल्ड करून पक्का दांडा केला तर लिंकेजवरच काम भागेल का?

४) बॅकहो काढून रोटाव्हेटर किंवा ट्रेलर लावताना काय काय पूर्ववत करावं लागतं?

ग्रीस_निपल

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर 'नाही' असेल तर पहिल्याला फारसा अर्थ उरत नाही.

थ्री पॉइंट लिंकेज दोन कामांसाठी आहे: अवजाराचं वजन उचलणं आणि जमिनीतून ओढणं. बॅकहोचा जोर वर, खाली, आडवा, सगळीकडून येतो. तुमच्या ट्रॅक्टरची लिफ्ट फक्त वर ढकलते. लोअर लिंकना खाली दाबून धरणारं तिथे काहीच नाही. बूम (बॅकहोचा मुख्य हात) खाली दाबला आणि बकेट कठीण थरावर अडली की चौकट लिंकेजवर वर उचलली जाते आणि बॅकहोची सीट ट्रॅक्टरच्या सीटकडे, रोलबारकडे सरकते. चालवणारा मधोमध सापडतो. टॉप लिंक कितीही जाड केली तरी हे थांबत नाही, कारण चारही सांधे फिरतेच राहतात. उलट सगळा झटका टॉप लिंकच्या ब्रॅकेटवर येतो, आणि ते ब्रॅकेट बिडाच्या हाउसिंगवर बोल्टने बसलेलं असतं. तडा तिथूनच सुरू होतो.

जोर किती येतो ते मोजा. ६३ मिमी बोअरच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ साधारण ३१ चौरस सेंटिमीटर. १५० बारला तो सुमारे ४७ किलोन्यूटन, म्हणजे पावणेपाच टन ढकलतो. बकेटच्या दातापर्यंत यातलं बरंच कमी पोहोचतं, तरी २७ एचपीच्या हाउसिंगला तेवढंही जड आहे.

म्हणून सबफ्रेमच. दोन मजबूत रेल मागच्या अ‍ॅक्सलखालून पुढे जाऊन लोडरच्या ब्रॅकेटला मिळाल्या पाहिजेत, म्हणजे धक्का गिअरबॉक्सच्या जोडांना वगळून पूर्ण लांबीत वाटला जातो. ट्रॅक्टरच्या मॉडेलसाठी बनवलेली मिळाली तर उत्तमच. फॅब्रिकेट करून घेणार असाल तर रेल अ‍ॅक्सल हाउसिंगला वेल्ड करू देऊ नका. बिडाचं वेल्डिंग तिथे टिकत नाही आणि उष्णतेने सीलही जातात. बोल्ट किमान ८.८ दर्जाचे हवेत. एम१६ ला साधारण २०० न्यूटन-मीटर. ट्रॅक्टरच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा. पहिल्या १० तासांनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासायचे. हे टाळलं की बोल्ट ढिले पडतात, भोकं लांबट होतात, आणि मग कितीही आवळा, खेळ राहतोच.

पिनांचं: कॅटेगरी १ मध्ये टॉप १९ मिमी आणि लोअर २२ मिमी. तुमच्या चौकटीला कुणीतरी एकाच सळईतून तिन्ही कापलेल्या दिसतात. ती चौकट दुसऱ्या कशासाठी ठेवणार असाल तर खालच्या दोन २२ च्या करा आणि दोन्ही खांद्यांमधलं अंतर ६८३ मिमीच्या आसपास आहे का पाहा.

दाब_आणि_प्रवाह

दुसऱ्या प्रश्नाचं मूळ तो प्लग आहे. आधी तो काढा, मग पुढचं.

तीन होज असलेल्या व्हॉल्व्हमध्ये बहुधा पॉवर बियॉन्डची (तेल पुढच्या व्हॉल्व्हकडे वळवणारी) स्लीव्ह असते. P म्हणजे येणारं तेल. T म्हणजे टाकीकडे परत. PB (कुठे HPCO लिहिलेलं असतं) म्हणजे लिव्हर मध्यावर असताना पुढच्या यंत्रणेकडे जाणारं तेल. तुम्ही PB बंद केला, त्यामुळे लिव्हर सोडल्यावर तेलाला वाटच नाही आणि सगळा प्रवाह रिलीफ व्हॉल्व्हमधून ओरडत जातो. हिशोब सोपा: १५० बार × २६ लिटर ÷ ६०० = ६.५ किलोवॅट, आणि त्यातला जवळपास सगळा नुसती उष्णता. आवाज, दबलेलं इंजिन, तापलेलं तेल, तिन्हींचं कारण हेच. लिफ्ट रिमोटच्या पुढे आहे, तिच्यापर्यंत तेल पोहोचतच नाही.

योग्य क्रम असा: पंप → लोडर व्हॉल्व्ह → लोडरचा PB → बॅकहोचा P → बॅकहोचा PB → लिफ्ट. बॅकहोचा T स्वतंत्रपणे सरळ टाकीत (बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्सच्याच तेलात). तो रिमोटमधून परत पाठवू नका. तिथली अरुंद वाट मागे दाब तयार करते आणि स्पूलची (व्हॉल्व्हमधल्या सरकत्या दांड्याची) सील बाहेर फेकते.

लोडरच्या PB पासून लिफ्टकडे जाणारी लाइन तोडून तिथे दोन कपलर बसवा, एक मेल, एक फीमेल. फायदा दुहेरी: बॅकहोचे P आणि PB उलट लागणार नाहीत, आणि बॅकहो काढल्यावर ट्रॅक्टरकडचे दोन्ही कपलर एकमेकांत अडकवून वाट पूर्ण करता येईल. ते न जोडता इंजिन सुरू केलं आणि तुमचा रिलीफ लिफ्टच्या बाजूला असेल तर पंपावर दाब सोडणारं काहीच राहत नाही. पंपाचं सील तरी जातं नाहीतर होज तरी फुटतो. लोडर व्हॉल्व्हच्या इनलेटलाच रिलीफ असेल तर पंप वाचतो, फक्त पुन्हा तेच ओरडणं.

व्हॉल्व्हवरची अक्षरं पुसली गेली असतील तर होजच्या रंगावर विश्वास ठेवू नका. आउटलेटकडचा प्लग किंवा फिटिंग उघडून आत स्लीव्ह आहे का पाहा. नसेल तर तो तिसरा होज केवळ जादा टाकी-लाइन असू शकतो, आणि मग तो लिफ्टला जोडणं चूक ठरेल.

फिटिंगमध्ये लोक हमखास फसतात. अर्धा इंची बीएसपी आणि अर्धा इंची एनपीटी हे आट्यांचे दोन वेगळे प्रकार, पण दोन्हीला इंचाला १४ आटे. दोन-तीन फेरे छान बसतात आणि मग गळतात. एम२२×१.५ आणि ७/८ चं जेआयसी नजरेला सारखेच. व्हर्नियर आणि थ्रेड गेज घेऊनच बसा. सरळ आट्यांवर टेफ्लॉन टेप नको, तिथे सील ओ-रिंग किंवा कोन करतो. टेपचे तुकडे स्पूलमध्ये जाऊन अडकतात.

जोडणी झाली की कमी आरपीएमवर प्रत्येक सिलिंडर दोन्ही टोकांपर्यंत आठ-दहा वेळा हळू चालवा. नवे होज आणि सिलिंडर भरल्यावर तेलाची पातळी खाली येते. बॅकहो मिटवून, लोडर खाली टेकवून मगच डिपस्टिक पाहा आणि भर घाला. तेल दुधासारखं फेसाळ दिसलं तर हवा अजून आत आहे किंवा सक्शन लाइन हवा ओढतेय. गळती शोधायला पुठ्ठा फिरवा, हात नाही. १५० बारची बारीक चिळकांडी कातडीत शिरते आणि ती जखम वरून क्षुल्लक दिसते.

पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालणारा) पंप हाही पर्याय आहे: ५४० आरपीएमला १:३ गिअरबॉक्स आणि १६ सीसीचा पंप म्हणजे १६२० × १६ = मिनिटाला सुमारे २६ लिटर. पण वेगळी टाकी, फिल्टर आणि पंप फिरू नये म्हणून टॉर्क आर्म लागतो. ट्रॅक्टरचा पंप पुरेसा असताना मला यात राम दिसत नाही.

बांध_आणि_चर

व्हॉल्व्हवर PB कोरलेलं सापडलं, आत स्लीव्हही आहे. वर दिलेल्या क्रमाने जोडल्यावर आवाज थांबला, लिफ्ट उचलते. सबफ्रेम बनवायला टाकतोय, तोवर खोदाई बंद. उरलेलं एक: बॅकहो जमिनीवर ठेवून तपासताना एका बाजूचा आउटरिगर (टेकू देणारा पाय) इंजिन बंद असतानाही हळूहळू बसतो.

दाब_आणि_प्रवाह

बाहेर गळती नसेल तर दोनच संशयित: पिस्टनचं सील किंवा स्पूल. आउटरिगरचा भार उतरवा, लिव्हर हलवून दाब सोडा, दोन्ही आउटरिगरच्या होजची अदलाबदल करा आणि पुन्हा टेकवून पाहा. खोट त्याच पायात राहिली तर सील, दुसऱ्या पायात गेली तर स्पूल. स्पूल झिजला असेल तर नवा व्हॉल्व्ह घेण्याआधी सिलिंडरवर पायलट चेक व्हॉल्व्ह (लिव्हर हलवेपर्यंत तेल अडवून धरणारा) बसवा, स्वस्तात काम होतं.

लिंच_पिन

चौथा प्रश्न सगळ्यांनी सोडला, म्हणून.

बॅकहो चढवताना: सपाट, टणक जागा. टॉप लिंक आणि पीटीओ शाफ्ट आधी काढा. लोअर लिंक काढून टाका, निदान वर बांधा. सबफ्रेमच्या हुकांमध्ये त्या हमखास अडकतात. ट्रॅक्टर सरळ मागे घ्या, इंजिन बंद करून होज जोडा. मग इंजिन आयडलवर, आणि बॅकहोच्याच आउटरिगरने व बूमने चौकट वर-खाली करून हुक बसवा, पिना आणि लिंच पिना घाला. लिव्हर बॅकहोच्या सीटवरूनच हलवायचे. चाक आणि चौकट यांच्या मध्ये उभं राहून लिव्हर ओढणं हा सगळ्यात वाईट प्रकार.

कपलर बसत नसेल तर हातोडा नको. बंद होजमध्ये, विशेषतः उन्हात, दाब अडकतो. इंजिन बंद करून सगळे लिव्हर दोन्ही बाजूंना हलवा, दाब सुटतो. तरीही नाही सुटला तर चिंधी धरून फिटिंग अर्धा फेरा सैल करा.

वजनाचं विसरू नका. ३२० किलो मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकतात. पुढच्या चाकांवर एकूण वजनाच्या किमान २० टक्के भार राहिलाच पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग हलकं पडतं. लोडर असल्याने तुमचं भागेल. खोदताना लोडरची बकेट जमिनीवर दाबून ठेवा. उलट बाजूही बघा: बॅकहो काढून लोडर भरलात तर मागे वजन हवं, ब्लॉक लावा किंवा टायरमध्ये ७५ टक्क्यांपर्यंत पाणी भरा.

रोटाव्हेटरसाठी परत: आधी ते दोन कपलर एकमेकांत. मग लोअर लिंक, टॉप लिंक, आणि बाजूच्या चेन ताणून, कारण रोटाव्हेटर डुलता कामा नये. नांगराला मात्र थोडी ढील ठेवतात. पीटीओ शाफ्ट लावण्याआधी सबफ्रेमच्या रेल त्याला घासत नाहीत ना, लिफ्ट पूर्ण वर आणि पूर्ण खाली करून पाहा.

ट्रेलर फक्त ड्रॉबारवरून (मागच्या खालच्या ओढदांड्यावरून). सबफ्रेममुळे ड्रॉबार झाकला जातो म्हणून टॉप लिंकच्या ब्रॅकेटला ट्रेलर अडकवणारे असतात. ओढ अ‍ॅक्सलच्या वर गेली की ट्रॅक्टर पुढून उचलला जातो आणि मागे उलटतो. फॅब्रिकेटरला आत्ताच सांगा की ड्रॉबार बाहेर काढता येईल एवढी जागा रेलच्या मध्ये सोड.