फळ मोठं म्हणजे गिऱ्हाईक कमी

कुणीतरी म्हटलंय की फळ जितकं मोठं तितका गर जास्त, मग खाणारे जास्त आणि बियाही लांब जाणार. मला वाटतं बरेचदा उलटंच होतं, पक्ष्यांना दात नाहीत ना, चोचीत मावलं तर अख्खं गिळणार नाहीतर टोचून गर खाणार आणि बी झाडाखालीच. उंबराला बुलबुल, तांबट, कोकीळ सगळे येतात कारण आतल्या बिया मोहरीहून बारीक, फळ फोडून खाल्लं तरी पोटात जातातच. म्हणजे माप फळापेक्षा बीचं बघायला हवं. रानजायफळाची लाल जायपत्रीत गुंडाळलेली भली मोठी बी गिळायला धनेशासारखा पक्षीच लागतो, तो जायपत्री पचवतो आणि बी अख्खी ओकून टाकतो (विणीच्या दिवसांत मात्र ढोलीत कोंडलेल्या मादीला नर भरवतो तेव्हा बियांचा ढीग ढोलीखालीच, ते काही पसरवणं नव्हे).

वटवाघळांचा हिशोब वेगळा. उंडी, देशी बदाम असलं मोठं फळ गिळत नाहीत, तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतात, गर चावून चोथा थुंकतात, बी त्या दुसऱ्या झाडाखाली.

आणि मोठे पक्षीच संपले तर? ब्राझीलच्या अटलांटिक जंगलात जुसारा नावाचा पाम आहे, जिथे टूकान (भल्या मोठ्या चोचीचे पक्षी) गेले तिथे उरले थ्रश (कस्तुरासारखे लहान पक्षी), त्यांना १२ मिमीच्या वरची बी गिळवत नाही, तर तिथल्या झाडांच्या बियाच लहान झाल्यात, २०१३ मध्ये 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत आलं होतं. त्यात लहान बी लवकर सुकते ही वेगळीच भानगड.